पिल्लू उचलण्याआधी

साकरतोड दुथडी भरून वाहायला लागली की आमच्या खानवेलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या सरपणामागे मांजर व्यालेली असते. "ताई, यांना आई नाही हो," म्हणत कुणीतरी पिल्लं आणून देतं. मी आधी विचारते, किती वेळ वाट पाहिलीत? आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. लांबून लक्ष ठेवा. तिच्यासारखं कोणी सांभाळत नाही.

खरंच पोरकी असतील तर घरी आणते. आधी ऊब, मग दूध; गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधानं जुलाब होतात, म्हणून पिल्लांसाठीची दूध-पावडर आणून ठेवलेली असते. दर 2-3 तासांनी पालथं धरून पाजायचं, मग ओल्या कापसानं शू-शी करवायची. पहिले 3 आठवडे त्यांना ते आपलं आपण जमत नाही.

गेल्या श्रावणातल्या तिघींपैकी एक रात्रीच गेली. घरात मांजर न चालणाऱ्या आमच्या सासूबाई उरलेल्या दोघींना पहाटेपर्यंत पदरात घेऊन बसल्या.

दोघी आता सिल्वासाला एका घरी आहेत. देताना अट एकच, 5-6 महिन्यांच्या झाल्या की नसबंदी करायची. ती झालीसुद्धा. सासूबाई मात्र अजून विचारतात, "पोरी जेवल्या का गं?"