आजोबांची खुर्ची आणि बेंगळुरूचे व्हरांडे

गेल्या दिवाळीत आमच्या बेळगावच्या घरी वाद झाला तो खुर्चीवरून. राजकारणातल्या नव्हे, खरोखरच्या. आजोबांची सागवानी आरामखुर्ची कित्येक वर्षं पडवीत होती. वेताची बैठक मधोमध फाटली तेव्हा तिच्यावर आधी उशी आली, मग रद्दीचा गठ्ठा आणि शेवटी कांद्यांची टोपली. घराला रंग द्यायचा होता. आई म्हणाली, "आता देऊन टाका ती." बाबा काहीच बोलले नाहीत. मी बेंगळुरूत नोकरी करते, म्हणून "तिकडे अशा वस्तूंना काय भाव येतो बघ" हे काम माझ्या गळ्यात पडलं.

अशी मी एका शनिवारी शिवाजीनगरला पोचले. पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या! रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांमधून जुन्या फर्निचरची दुकानं शोधत निघाले. भाषेची अडचण आलीच नाही. खुर्चीला कानडीतही 'कुर्ची'च म्हणतात, सागवानाला 'सागुवानी'. शिसवीला तेवढं 'बीटे' म्हणतात. आणि दुकानदार तर माझ्याशी दख्खनी हिंदीतच बोलत होते.

एका अंधाऱ्या दुकानात आजोबांच्या खुर्चीच्या सख्ख्या बहिणी रांगेत उभ्या होत्या. मागे रेललेली पाठ, वेताची लांब बैठक आणि रुंद, सपाट हात. हातांच्या खाली आणखी एक फळी लपलेली असते. ती फिरवून पुढे काढली की हात दुप्पट लांब होतात आणि त्यांच्यावर पाय टाकून पडता येतं. इंग्रजीत हिला 'प्लँटर्स चेअर' म्हणतात, म्हणजे मळेवाल्यांची खुर्ची. दिवसभर मळ्यात फिरून आलेल्या साहेबाने बूट न काढता पाय वर टाकावेत, यासाठी ही सोय. बूट ओढून काढणारा माणूस वेगळा असायचा, हे सांगायला नकोच. आमच्या आजोबांचे बूट कुणी काढले नाहीत, पण दुपारच्या जेवणानंतर ते तसेच पाय टाकून पेपर वाचत आणि पाचव्या मिनिटाला पेपर तोंडावर येई.

बेंगळुरूत या खुर्च्या एवढ्या कशा, याचं उत्तर शहराच्या घडणीत आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. पुढे रिचमंड टाउन, फ्रेझर टाउन अशा वस्त्या उभ्या राहिल्या. तिथल्या बंगल्यांना पुढे खोल व्हरांडे असत आणि त्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झालर, जिला इथे 'मंकी टॉप' म्हणतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. बाराही महिने संध्याकाळी बाहेर बसावं अशी हवा. कोडगू आणि चिक्कमगळूरचे कॉफीचे मळेही फार दूर नाहीत. अशा ठिकाणी आरामखुर्ची नाही तर काय ठेवणार? आता ते बंगले पाडून अपार्टमेंट होत आहेत आणि व्हरांड्यातलं सामान दुकानांत येऊन पडतं आहे.

दुकानदार चाचा मोठे हौशी. विकत घ्यायचं नाही म्हटल्यावरही त्यांनी खुर्ची उलटी करून दाखवली. "पॉलिश पे मत जाओ, पेट देखो." खालच्या बाजूला कुणी पॉलिश करत बसत नाही. तिथे रंध्याच्या ओबडधोबड खुणा दिसल्या, लाकूड वयाने काळवंडलेलं दिसलं, तर गोष्ट खरी. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा त्याआधीची म्हणून सांगितलेल्या खुर्चीला ते असतील तर विचारावं. मधे कुणी दुरुस्ती केली असेल, हेही शक्य आहे. पुढची आडवी दांडी पाय टेकून झिजलेली असावी. आणि 'अँटिक' हा शब्द दुकानात मिठासारखा वापरतात. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे. आमची खुर्ची त्यात बसत नाही. चाचांनी फोटो पाहून पाच सेकंदांत सांगितलं, "साठ-सत्तर साल." मला उगाच वाईट वाटलं.

मग वेत. हाताने विणलेल्या बैठकीला चौकटीभोवती छोटी छोटी भोकं असतात. त्यांतून वेताच्या पट्ट्या उभ्या, आडव्या आणि मग तिरक्या ओवतात. तिरक्या दोन फेऱ्या झाल्या की ते ओळखीचे अष्टकोनी डोळे दिसायला लागतात. भोकांऐवजी सलग खाच असेल तर यंत्रावर विणलेली जाळी आणून दाबून बसवलेली. वेत वजन पेलतो आणि पाठीला हवा लागू देतो; आपल्या उन्हाळ्यात फोमची गादी हे करूच शकत नाही. सरकारी कचेऱ्यांतल्या अशा खुर्च्या विणण्याचं काम अनेक वर्षं दृष्टिहीन कारागीर करत आले आहेत. बोटांनी भोकं मोजून, दोन्ही हातांनी ताण जोखून. आपण साहेबाच्या खुर्चीबद्दल बोलतो, ती विणणाऱ्याबद्दल नाही.

घरी करण्यासारखी एक गोष्ट चाचांनी सांगितली. वेत फाटलेला नसून नुसता सैल पडला असेल तर खालच्या बाजूने ओलं फडकं लावावं आणि खुर्ची रात्रभर न बसता वाळू द्यावी. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताणली जाते.

एका कोपऱ्यात कापड गेलेला एक सांगाडा होता. ती रुडकी खुर्ची, लष्करी इंजिनियरांच्या रुडकीवरून नाव पडलेली. तिचे जोड चिकटवलेले नसतात. दांड्या पायांच्या भोकांत नुसत्या बसवायच्या. माणूस बसला की त्याच्या वजनाने जोड घट्ट होतात आणि खडबडीत जमिनीवरही चारी पाय टेकतात. मुक्काम हलला की सुटी करून पिशवीत. १९३३ मध्ये कारे क्लिंट या डॅनिश डिझायनरने अशाच रचनेवर आपली सफारी चेअर बेतली.

खुर्चीचं नशीब मात्र काही सांगता येत नाही. चंदीगढच्या कचेऱ्यांसाठी १९५० च्या दशकात पिएर जानरे यांच्या आराखड्यांवर बनलेल्या साग-वेताच्या खुर्च्या पुढे मोडीत निघाल्या, गच्च्यांवर ढीग लागले. मग परदेशी लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले आणि २०११ मध्ये सरकारला त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. आज बेंगळुरूचीच एक कंपनी, फँटम हँड्स, त्या आराखड्यांवर नव्या खुर्च्या हाताने बनवते.

रात्री बाबांना फोन केला आणि चाचांनी सांगितलेला भाव सांगितला. बरा होता. बाबांनी विचारलं, "बसून पाहिलीस का?"

नव्हती पाहिली. दुपारभर मी खुर्च्या उलट्या करून बघत होते.

महिन्याभराने बेळगावात बैठक विणून घेतली आणि खुर्ची टेम्पोतून इकडे आली. आईने विरोध केला नाही. तिच्या घरातून ती गेली, एवढं तिला पुरे होतं. माझी बाल्कनी चार फुटांची आणि हात उघडले की खुर्ची पाच फुटांच्या पुढे जाते. त्यामुळे ती हॉलमध्ये दारासमोर तिरकी ठेवली आहे. रूममेट रोज तिला अडखळते. बाबा आले की कपड्यांचा स्टँड उचलून बाथरूमसमोर ठेवायचा, मग हात उघडायचे. पेपर अजून पाचव्याच मिनिटाला तोंडावर येतो.