प्राण आणि प्राणवायू

मराठीतील काही पारिभाषिक शब्द इतके देखणे आहेत की त्यांच्या देखणेपणामुळेच विचाराची गफलत होते. ‘प्राणवायू’ हा त्यांपैकी एक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या वायूला ग्रीक धातूंपासून घडवलेले जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असा होतो. सर्व आम्लांमध्ये हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, पण नाव टिकले. जर्मन भाषेने त्याचे ‘आंबट द्रव्य’ केले, बंगालीने ‘अम्लजान’ केले. मराठीने मात्र रसायनशाळेतील आंबटपणा बाजूला ठेवून थेट उपनिषदांच्या आणि योगग्रंथांच्या शब्दसंग्रहाला हात घातला आणि या वायूला ‘प्राण’ बहाल केला. युरोपीय नावात रसायनशास्त्राची एक चूक गोठलेली आहे. आपल्या नावात चूक नाही, श्लेष आहे, आणि श्लेष हा चुकीपेक्षा अधिक चिवट असतो.

जुन्या परंपरेतील प्राण म्हणजे बाहेरून आत घ्यावयाचा, नळकांड्यात भरता येणारा पदार्थ नव्हे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान ही पंचप्राणांची नावे शरीरातील व्यापारांची नावे आहेत. श्वसन, उत्सर्जन, सर्व शरीरभर होणारा संचार, ऊर्ध्वगती आणि पचन अशी त्यांची ढोबळ वाटणी सांगितली जाते. ‘पंचप्राण ओवाळून टाकणे’ असे आपण म्हणतो तेव्हा पाच वायू ओवाळत नाही, आपले सगळे जगणे ओवाळतो. या व्यापारवाचक शब्दाला ‘वायू’ जोडून तो हवेतील एका घटकाचे नाव झाला, आणि प्राणायाम म्हणजे या घटकाचा अधिकाधिक साठा करण्याची युक्ती, असा अर्थ जणू आपोआप सिद्ध झाला.

हा प्रपंच करण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आमच्या पनवेल परिसरातील सभागृहांत, गृहसंकुलांच्या क्लबघरांत आणि आता महाविद्यालयांतही ‘श्वसनातून पेशीपेशीत प्राणवायू’ या विषयावरची व्याख्याने आणि शिबिरे वाढली आहेत. अशा एका व्याख्यानाला आम्ही विद्यार्थ्यांसह बसलो होतो. वक्ते वाक्पटू होते. बहुतेक आजारांचे मूळ पेशींच्या प्राणवायू-उपासमारीत आहे, आपण फुप्फुसांचा थोडाच भाग वापरतो, दीर्घ आणि जलद श्वसनाने रक्त प्राणवायूने ‘भरून’ घेता येते आणि मग औषधांची गरज हळूहळू सरते, अशी त्यांची मांडणी होती. आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकांना त्यात शरीरशास्त्राआधी अलंकारशास्त्र दिसले. ‘प्राण वाढला की आयुष्य वाढते’ या वाक्यातील ‘प्राण’ वाक्याच्या आरंभी वायू असतो आणि शेवटी जीवनशक्ती होतो. कवितेत हे सौंदर्य असते. आरोग्याच्या सल्ल्यात ते धोक्याचे असते.

विशेष म्हणजे या श्लेषाची उकल आमच्या अगदी शेजारी, बोरघाट चढून गेले की लागणाऱ्या लोणावळ्यात नव्वद वर्षांपूर्वीच झालेली आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), हे संस्कृतचे व्यासंगी आणि व्यवसायाने शिक्षक होते. अमळनेरला त्यांनी अध्यापन केले होते. बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे शरीरसाधना आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योगसाधना केल्यावर त्यांना एक साधा प्रश्न पडला : ग्रंथांतून सांगितलेल्या या क्रियांमध्ये शरीरात नेमके घडते काय? बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौलीचा अभ्यास करून त्यांनी आरंभ केला. १९२४ मध्ये लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. प्रयोगाच्या नोंदी आणि साधनेचे विवेचन एकाच अंकात छापणारे असे नियतकालिक त्या काळी विरळाच.

१९३०च्या दशकाच्या आरंभी कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्याच्या श्वासातील वायूंचे मोजमाप केले. प्राणायामाचा पुरस्कार हे ज्यांचे जीवितकार्य, त्यांना प्राणायामाने प्राणवायूचे शोषण वाढते असा निष्कर्ष मिळाला असता तर तो किती सोयीचा ठरला असता! मोजमापातून तसे निघाले नाही. सामान्य श्वसनाच्या तुलनेत प्राणायामात शरीर अधिक प्राणवायू शोषून घेत नाही, असे त्यांना आढळले आणि ते त्यांनी स्वच्छपणे छापले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या पुरवठ्यात नसून मज्जासंस्थेला मिळणाऱ्या वळणात आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वतःच्या श्रद्धाविषयाबद्दल असा निकाल देणे ही संशोधनवृत्ती आजच्या शिबिरांच्या पत्रकांत शोधून सापडत नाही.

त्यांच्या निष्कर्षाचे कारण आज कोणत्याही शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात मिळते, आणि त्यातले गणित साहित्याच्या विद्यार्थ्यालाही झेपेल असे आहे. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातच ९५ ते ९९ टक्के प्राणवायूयुक्त असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतल्यासारखे इथे आणखी श्वास ओढून काही साधत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन १५ ग्रॅम असलेल्या १०० मिलिलीटर रक्तात म्हणजे सुमारे २० मिलिलीटर. रक्तद्रवात नुसता विरघळलेला प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलीटर. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लीटर रक्त फिरवते, म्हणजे पेशींच्या दारात सुमारे १,००० मिलिलीटर प्राणवायू पोहोचतो. त्यांतला पेशी वापरतात साधारण २५० मिलिलीटर. उरलेला तीनचतुर्थांश तसाच परत येतो. निरोगी माणसाच्या पेशी श्वासाअभावी उपाशी आहेत, हे म्हणणे या हिशेबात बसत नाही.

इथे भाषेने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात कार्बन डायऑक्साइडला ‘कर्बद्विप्राणिद’ म्हणत. ज्याला आपण टाकाऊ मानतो, त्या वायूच्या नावात प्राण एकदा नव्हे, दोनदा आहे! आणि ही निव्वळ शब्दांची गंमत नाही. १९०४ मध्ये कोपनहेगन येथे क्रिस्टियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रक्तात हा वायू असला की हिमोग्लोबिन प्राणवायूवरची पकड सैल करते, आणि म्हणूनच तो पेशींच्या हाती लागतो. जोरजोरात श्वास घेऊन हा ‘टाकाऊ’ वायू बाहेर फेकला तर हिमोग्लोबिनची पकड घट्ट होते, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. शिबिरात याच अनुभवाला ‘ऊर्जा जाणवणे’ म्हणतात. त्या क्षणी मेंदूला नेहमीपेक्षा कमी रक्त आणि कमी प्राणवायू मिळत असतो.

योग्यांचे खरे कौशल्यही याच्या उलट दिशेचे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छीना आणि सिंग या संशोधकांनी रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून केलेला अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटीत असताना योग्याची प्राणवायूची गरज विश्रांतीतील किमान गरजेच्याही बरीच खाली गेल्याचे त्यात नोंदले आहे. साधनेने माणूस अधिक प्राणवायू खाऊ लागला नाही, कमीत भागवू लागला. अपरिग्रह श्वासापर्यंत पोहोचला, असेही म्हणता येईल.

मग श्वसनसाधनेचा आरोग्याला उपयोग नाही का? आहे, पण तो संथपणाचा आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलीटर हवा श्वासनलिकांतच राहते, वायुकोशांपर्यंत जात नाही. मिनिटाला अर्ध्या लीटरचे बारा श्वास घेतले तर सहा लीटरपैकी ४.२ लीटर हवा कामी येते. तेवढीच हवा एक लीटरच्या सहा श्वासांत घेतली तर ५.१ लीटर. निरोगी माणसाला या फरकाची गरज नसते, आजारी माणसाला असू शकते. लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हृदयक्षीणतेच्या रुग्णांवरील अभ्यासात दाखवले की, मिनिटाला सहा या गतीने श्वास घेतल्यास त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारते. याच संशोधकांचा २००१ चा अभ्यास आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. ख्रिस्ती जपमाळेतील लॅटिन प्रार्थना आणि एक योगमंत्र, दोन्हींच्या पठणाने श्वासाची गती आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते, असे त्यात आढळले. पठणाची लय शरीराच्या लयीशी जुळते, ही गोष्ट हरिपाठ म्हणणाऱ्या वारकऱ्याला सिद्ध करून दाखवण्याची गरज कधी पडली नसावी. छंदशास्त्र शिकवणाऱ्यांनी मात्र ती वर्गात जरूर सांगावी.

आमची बोलीही या बाबतीत शिबिरांपेक्षा शहाणी आहे. ‘दम’ हा फारसीतला श्वास आणि संस्कृतातला निग्रह मराठीत एकमेकांत मिसळून गेले. ‘जरा दम धर’ असे आई मुलाला म्हणते तेव्हा तिला प्राणवायूचा साठा अभिप्रेत नसतो, धीर अभिप्रेत असतो. पतंजलीनेही प्राणायामाचे फळ सांगताना प्रकाशावरील आवरण क्षीण होणे आणि मन धारणेस योग्य होणे एवढेच सांगितले. रोगांची यादी तिथे नाही. कुवलयानंदांचा निष्कर्ष, आईचे वाक्य आणि योगसूत्रे ही तिन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात : श्वास हे मनाला लगाम घालण्याचे साधन आहे.

हा सगळा विचार केवळ शब्दनिष्ठ राहिला असता तर आम्ही तो वर्गापुरता ठेवला असता. पण पेशींची प्राणवायू-उपासमार ही कल्पित गोष्ट नाही. ती आमच्या वर्गांत रोज बसलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या मुलीच्या १०० मिलिलीटर रक्तात २० ऐवजी अकराहूनही कमी मिलिलीटर प्राणवायू मावतो. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवतो, कारण जितके हिमोग्लोबिन आहे तितके भरलेलेच आहे. घागर भरलेली आहे, पण घागरच लहान आहे. २०१९ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेले संशोधन सांगते की, पेशी प्राणवायूची टंचाई स्वतः ओळखतात. टंचाई जाणवली की मूत्रपिंडाकडून रक्तपेशी वाढवण्याचा निरोप अस्थिमज्जेला जातो. निरोप जातो, पण लोह नसेल तर कारखाना बंदच राहतो.

खालापूर-कर्जतकडच्या वाड्यापाड्यांतून सकाळच्या एस.टी.ने, बहुधा उपाशीपोटी, येणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींना दोन जिने चढताना दम लागतो. त्याच व्याख्यानानंतर एका मुलीने वक्त्यांना, चक्कर येते तर काय करावे, असे विचारले होते. तिला रोज वीस मिनिटे जलद दीर्घश्वसनाचा सल्ला मिळाला. तिचे हिमोग्लोबिन किती आहे, हे कोणी विचारले नाही. लोहाच्या गोळ्या, जंतांचे औषध, पालेभाजी, कडधान्ये, मासिक पाळीतील अतिरक्तस्रावाची तपासणी या गद्य गोष्टींना ‘पेशीपेशीत प्राणवायू’ असे काव्यमय नाव कोणी देत नाही. वास्तविक ते नाव त्यांनाच शोभले असते.

आम्ही मराठी शिकवतो. रक्त तपासणे आमचे काम नाही. पण शब्द तपासणे आहे. ‘प्राणवायू’ हा शब्द टाकून द्यावा असे आम्हांला मुळीच वाटत नाही. तो फार चांगला शब्द आहे आणि २०२१ च्या उन्हाळ्यात त्याचे वजन सगळ्यांनी अनुभवले आहे. मात्र वाक्यात तो आला की यातला ‘प्राण’ कोणता, हे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली पाहिजे. श्लेष ओळखणे ही परीक्षेत दोन गुणांची बाब असेल. जिना चढताना थांबावे लागणाऱ्या मुलीसाठी तिचे मोल याहून पुष्कळ अधिक आहे.