उन्हाळी नव्हे, दुखणे निराळेच

आमच्या अजिंठ्याकडे लघवीला जळजळ झाली की निदान घरातच ठरते : उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नाहीतर चार गोळ्या. माझ्या मावशीनेही तेच केले. साठीच्या घरातली, कापूस वेचणीला जाणारी बाई. लघवीतून रक्त जाते हे तिने पाच महिने कोणाला सांगितले नाही. पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या बाईच्या लुगड्यावर डाग दिसले, तेव्हा सुनेने मला निरोप धाडला.

शंभर किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे नेले. दुर्बिणीने आतून पाहिले, तुकडा काढून तपासला, एम.आर.आय. झाला. मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. हा फार क्वचित होणारा आजार. मूत्राशयातून लघवी बाहेर आणणारी नळी बाईची जेमतेम 4 सेंटिमीटरची, पुरुषाची 20च्या आसपास. गाठ या नळीत कुठे आणि किती खोल, यावर सारे उपचार ठरतात. बाहेरच्या टोकाला लहान गाठ असली तर तेवढाच भाग काढतात किंवा शेक देतात, म्हणजे रेडिएशन. आत खोल असली तर बाईचे मूत्राशयही काढावे लागू शकते, पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी आणि कधी इंद्रियसुद्धा. पसरलेली असली तर आधी केमोची सलाईन देऊन ती लहान करतात. जांघेतल्या गाठी तपासतात त्या यासाठीच.

मावशीपुढे दोन वाटा ठेवल्या. मूत्राशय राखून केमो आणि शेक, नाहीतर केमोनंतर मोठे ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करतात, तिथे कायमची पिशवी. डॉक्टरीणबाईंना मावशीने एकच विचारले, "पिशवी घेऊन मला विहारात वंदनेला बसता येईल ना?" बाई म्हणाल्या, "भरायच्या आधी रिकामी करत जा आजी, वास येत नाही." मावशीने ऑपरेशन घेतले.

खरा त्रास गावी आल्यावर झाला. शेजारच्या दोघी तिच्या घरचे पाणी पिईनात. कर्करोग शिवल्याने लागत नाही. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांच्याच नाती हे करतात, याचा मला संताप आला. हगवणीने लोळणाऱ्या, कोणी विचारीना अशा भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले, हे वर्षावासात आपण दरसाल ऐकतोच की!

आता कारकुनाच्या चार गोष्टी. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधार लागते. दोन्हींवरचे नाव जुळते का ते घरीच पाहा, एका अक्षराने फाइल अडते. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी गाठा. एस.टी.च्या सवलतीसाठी डॉक्टरांचा दाखला मागून घ्या. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागले तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मूळ रिपोर्ट कोणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या.

पिशव्यांचा खर्च मात्र सुरूच राहतो. आमच्या वस्तीत सध्या महिन्याला वर्गणी जमते. मावशी पौर्णिमेला विहारात दाराजवळच्या सतरंजीवर बसते आणि मधेच उठून जाऊन येते. त्या दोघींपैकी एक आता तिच्याकडे चहा घेते, दुसरी अजून नाही.