खूण दिल्यावर आठवतं का?

आत्याला अल्झायमर झाल्यावर काही वर्षांनी बाबांचंही विसरणं सुरू झालं. औषध घेतलं की नाही, लाइटबिल भरलं की नाही, काल कोण येऊन गेलं. बहिणीचं तेच भावाचं, असं घरात सगळ्यांनी धरूनच टाकलं. न्यूरॉलॉजिस्ट मात्र तसं धरून चालायला तयार नव्हते. बाबांना बीपी आणि शुगर जुनी, शिवाय त्यांच्यातला फरक हळूहळू नव्हे, एकदम जाणवला होता. बी-12, थायरॉइड, एमआरआय सांगून झाल्यावर त्यांनी स्मरणशक्तीची सविस्तर चाचणीही लिहून दिली.

सुरुवातीला 30 गुणांची छोटी चाचणी झाली, 1975 पासून जगभर चालत आलेली. आज वार कोणता, 100 मधून 7 वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. बाबांना 23 मिळाले. आत्यालाही पहिल्यांदा जवळपास तेवढेच होते. माझं अवसानच गळालं.

मग मानसशास्त्रज्ञ बाईंनी चार शब्दांचं एक कार्ड पुढे ठेवलं. "काका, यात भाजी कोणती आहे?" बाबांनी बोट ठेवून वाचलं, "दोडका." "वाहन?" "टांगा." प्रत्येक शब्द असा ओळखून घ्यायचा, म्हणजे माणसाचं मुळात लक्षच नव्हतं ही शंका राहत नाही. असे 16 शब्द झाले. मग बराच वेळ दुसरीच कामं: आकृती काढा, घड्याळात 11 वाजून 10 मिनिटं दाखवा. त्यानंतर बाईंनी शब्द विचारले. बाबांनी चार-पाच सांगितले आणि ते गप्प झाले. कपाळाला आठ्या.

"एक भाजी होती, काका."

"दोडका!"

"वाहन?"

"टांगा." पुढचेही असेच, थोडे अडखळत, पण बहुतेक सगळे आले.

आत्याच्या चाचणीलाही मीच सोबत होते. 'भाजी' म्हटल्यावर ती लगेच 'वांगं' म्हणाली होती. वांगं यादीत नव्हतंच. शब्द वाचून दाखवले तरी तिला खरे कोणते ते ओळखता येईना. नसलेल्या शब्दालाही ती "हो, होता की" म्हणायची.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बाईंनी त्यांना स्टँडवरच्या पार्सल ऑफिसचं उदाहरण दिलं: तुमचा माल उतरलाय, फक्त पावती दाखवल्याशिवाय सापडत नाही. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला सुरुवातीलाच इजा होते, त्यामुळे नवा माल गोदामात टिकतच नाही. बाबांच्या एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा होत्या. एका मिनिटात 'क'वरून शब्द सांगतानाही ते फार रेंगाळले होते. रक्तपुरवठ्याशी निगडित डिमेन्शियात असा संथपणा पुष्कळदा दिसतो. सगळं एकत्र ठेवून डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर डिमेन्शिया हे निदान केलं. केवळ चाचणीवर ते ठरत नाही, नैराश्यातही खुणेने शब्द आठवतात, हे त्यांनी स्पष्ट केलं.

गुणांची नुसती बेरीज बघून 'वयोमानाने होतं' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. प्रकार ओळखण्यावर फार काही अवलंबून असतं. लेवी बॉडी डिमेन्शियात सुरुवातीला स्मरण बरं असू शकतं, पण आकृती काढताना गोंधळ उडतो, नसलेली माणसं दिसतात; आणि त्या भासांवर हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर अनेकदा आधी स्वभाव बदलतो. घरच्यांना वाटतं, माणूस बिघडला.

आता बाबांना आम्ही "काल कोण आलं होतं?" असं मोघम विचारत नाही. "कराडहून कोण आलं होतं?" म्हटलं की नाव येतं, आणि त्यांचा चेहराही सैल होतो. आत्याला खुणा देऊन छळायचं नाही, सरळ सांगायचं, हेही घरात सगळ्यांना पटलंय. बाबांच्या बीपीची वही मीच लिहिते. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, उतारवयात ते सर्रास आढळतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी आहे. खूण देऊनही शब्द येईनासे झाले, तर निदानाचा नव्याने विचार करू, असं डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय.