कोनाड्यात मावायचे ते

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपुरात नवे घर बांधणारा माणूस टाइल्स बघायला हिंगणघाट नाहीतर वर्धा गाठतो आणि येताना सोबत एक प्रश्न आणतो: चार बाय सहाच्या बाथरूममध्ये कपाट बसवायचे कुठे? आमच्या पिढीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण आमची न्हाणी ही खोलीच नव्हती. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा कूड नाहीतर बांबूचा तट्टा, खाली फरशी, वर आभाळ. सामानाला घराच्या मातीच्या भिंतीतला एक कोनाडा, कपड्यांना तट्ट्याची कड.

आता दुकानदार दारामागचे हुक दाखवतो, कोपऱ्यातली तिकोनी काच दाखवतो, फ्लशच्या टाकीवर उभी राहणारी घोडी दाखवतो, आरसा उघडला की आत तीन कप्पे दाखवतो. प्लाय घ्याल तर फुगेल, पीव्हीसी घ्या, हेही सांगतो, आणि ते खरेच आहे. बोअरच्या पाण्याने चकचकीत स्टीलवर पांढरे डाग पडतात, ते मात्र सांगत नाही.

कोनाड्यात घरभराची मिळून एकच साबणाची वडी असे. ती झिजून चीप झाली की फेकायची नाही. नव्या वडीच्या पाठीवर अंगठ्याने दाबून बसवायची. आधी ती निसटायची, मग हळूहळू एकजीव व्हायची. शेजारी राखुंडीची डबी, टाच घासायला विटेचा तुकडा, भिंतीला काढून चिकटवलेल्या टिकल्या. आता माणशी एक शाम्पू आहे. पूर्वी भांडण गरम पाण्यावरून व्हायचे, ‘माह्यासाठी गुंडभर ठेवजो’ असे ओरडून. आता कप्प्यावरून होते, तेही मुकाट्याने, दुसऱ्याची बाटली मागे सरकवून.

पण त्या तट्ट्याचे फार गोडवे गाऊ नयेत. आतली हालचाल बाहेर दिसायची, म्हणून बाया पहाटे अंधारात आंघोळ उरकायच्या. पावसाळ्यात पाणी तापवायच्या चुलीत ओल्या पऱ्हाट्या पेटायच्या कमी, धुमसायच्या जास्त. कोनाड्यात हात घातला आणि साबणाऐवजी विंचू निघाला, हेही घडायचे. शौचाला तर गावाबाहेरच. याच जिल्ह्यात, सेवाग्रामात, १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम होता. तरी स्वच्छतेचे त्यांचे सांगणे पाठ करणे आम्हाला पाळण्यापेक्षा सोपे गेले.

२ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले, संडासाला १२,००० रुपये मिळू लागले. गावोगावी काही संडासांत आधी गोवऱ्या आणि खताची पोती गेली, माणूस नंतर गेला. जागा वाचवणारे फर्निचर म्हणतात ते हेच असेल, तर सरकारने आम्हाला फार लवकर दिले होते.

आता दाराला कडी आहे, नळाला गरम पाणी आहे, सून उजाडल्यावर निवांत आंघोळ करते. या एका गोष्टीसाठी सगळे कोनाडे बुजले तरी चालेल. हळहळ वाटते ती तट्ट्यापलीकडून चालणाऱ्या गप्पांची. आत पाणी ओतणारा आणि बाहेर चुलीत पऱ्हाटी सारणारी यांच्यात घरातले निम्मे निर्णय व्हायचे. कडी लावली की आवाज पोचत नाही.

तेव्हा कपाट खुशाल घ्या. फक्त दार पूर्ण उघडून ते कुठवर येते ते आधी मोजा, आणि पाच इंचांपेक्षा खोल कप्पा घेऊ नका. मागे गेलेली बाटली कोणी संपवत नाही.