सेवेचें मोल आणि अव्यक्त राशि

बीजगणित हा शाळेच्या उंबरठ्यावरच ठेवून यावयाचा विषय आहे, अशी पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून समजूत आढळते. वस्तुतः घरखर्चाच्या वहींत त्याचा उपयोग पदोपदीं होण्यासारखा आहे. वस्तु विकत घेतांना एका दराचा हिशेब पुरतो. सेवा घेतांना तो बहुधा पुरत नाहीं. सेवेच्या मोलांत पुष्कळदां दोन पदें असतात: एक स्थिर, दुसरें वापराबरोबर वाढणारें. विजेच्या बिलावरील 'स्थिर आकार' घर महिनाभर कुलूपबंद असलें तरी चुकत नाहीं. यंत्रें व तारा आपल्यासाठीं सज्ज ठेवण्याचा खर्च वेगळा आणि प्रत्यक्ष वीज पुरविण्याचा वेगळा, हा भेद जॉन हॉप्किन्सन या इंग्रज अभियंत्यानें १८९२ सालींच स्पष्टपणें मांडला होता.

गेल्या वर्षीं आमच्या सासूबाईंच्या खुब्याचें हाड मोडलें व शस्त्रक्रियेनंतर शुश्रूषेस एक बाई ठेवणें अवश्य झालें. दोन संस्थांकडे चौकशी केली. एकीची नोंदणी ६,००० रुपये व रोजचे ७००. दुसरीची नोंदणी मुळींच नाहीं, पण रोजचे ९००. नोंदणीचा आंकडा ऐकतांच घरांतील बहुतेकांचें मत दुसरीकडे झुकलें. मीं कागदावर ६००० + ७०० क्ष आणि ९०० क्ष अशा दोन ओळी लिहिल्या. त्या समान मानल्या कीं क्ष ३० येतो. तीस दिवसांच्या आंत दुसरी संस्था स्वस्त, त्यापुढें पहिली.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणितां'त (११५०) असेंच एक उदाहरण आहे. एकाजवळ रोख ३०० व सहा घोडे; दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण १०० चें ऋण; दोघांची संपत्ति सारखी, तर एका घोड्याचें मोल काय? उत्तर १००. तेथें उत्तर आलें कीं काम संपतें. आमचें संपेना. दोन्ही खर्च कोठें समान होतात हें समीकरणानें सांगितलें. दुखणें किती दिवसांचें, हें तें कसें सांगणार? आणि तो आंकडा उच्चारण्यास कोणीहि धजेना. थोडे दिवस म्हणावे तर खोटी आशा दाखविल्यासारखें, पुष्कळ म्हणावे तर अभद्र बोलल्यासारखें. मामंजी वर्तमानपत्र उघडून बसले.

अखेर सासूबाईच आंतून म्हणाल्या, "अगं, तो तुझा क्ष म्हणजे मीच ना? मग मलाच विचार कीं! साठ दिवस धर. आधीं उठलें तर तोटा हंसत सोसूं."

तो तोटाहि मोजून पाहिला. वीस दिवसांतच त्या हिंडूं लागल्या तर २,००० रुपये अधिक जाणार. साठ लागले तर ६,००० वांचणार. पहिली संस्था ठरली. बावन्नाव्या दिवशीं सासूबाई काठी टेकीत देवघरापर्यंत चालत गेल्या, आणि हिशेबांत ४,४०० रुपये वांचले.

मात्र नोंदणीच्या रकमेंतील एक पैसाहि शुश्रूषेस येणाऱ्या बाईंच्या हातीं पडला नव्हता, हें मला मध्यंतरीं त्यांच्याच तोंडून कळलें. त्यांचेंहि एक समीकरण होतें: जितके दिवस, तितकें वेतन; स्थिर पद शून्य. ज्या दिवशीं त्यांचें मूल तापानें फणफणे, त्या दिवशीं वेतनहि शून्य.

म्हणून वाचकभगिनींस एवढेंच सुचवितें, कीं सेवेचा हिशेब मांडतांना दोन प्रश्न वहींत लिहून ठेवावेत: यांतील स्थिर पद कोणतें, आणि तें कोणाच्या पदरांत पडतें? पहिल्याचें उत्तर बीजगणित देतें. दुसरें सेवा करणाऱ्या माणसालाच विचारावें लागतें. आम्हीं तें कळल्यानंतर महिन्यांतील दोन रजांचें वेतन बाईंच्या हातांत देण्याचें ठरविलें. आमच्या खर्चाची रेषा त्यानें किंचित् वर सरकली, एवढेंच.