रावसाच्या किनाऱ्यावरून रिद्धपूरला

मालवण,
कार्तिक पौर्णिमा

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अमरावतीहून रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ आणि पुढं एसटीनं मालवण, असा प्रवास सुखरूप झाला. निघताना तुम्ही विचारलं होतं, लाटेत उभं राहून रावस धरायचा तर गळाला लावायचं काय? सिंभोऱ्याला अप्पर वर्धाच्या काठावर तुम्ही मरळीसाठी बेडूक लावता आणि रोहूसाठी कणकेची गोळी. इथली गरवणारी तरुण मंडळी धातूची, प्लास्टिकची, रबराची खोटी मासळी फेकतात आणि तिला ल्यूर म्हणतात. दुकानात ती शेकड्यानं टांगलेली असते. त्यातली कोणती उचलायची, हे दुकानात ठरवताच येत नाही. ते किनाऱ्यावर ठरतं.

आधी रावस कसा असतो ते सांगतो. हॉटेलांच्या पाटीवर त्याला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण खऱ्या सॅल्मनशी त्याचं नातं नाही. सॅल्मन थंड समुद्रातला. अंडी घालायला तो नदीत चढतो आणि गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो. न्यूझीलंडमध्ये राकाया नदीच्या मुखाशी लोक लाटांत रांगेनं उभे राहून त्याच्यासाठी चकाकती धातूची आमिषं फेकतात. पोटाची ओढच संपत आलेल्या माशाला डिवचायचं, हे त्या आमिषाचं काम. आपला रावस लाटेत येतो तो मात्र जेवायला. फुटणारी लाट वाळू उसवते, त्यात कोळंबी आणि बारीक मासळी उघडी पडते, त्यामागं तो गुडघाभर पाण्यापर्यंत येतो. त्याच्या डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो. छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार लांब तंतू असतात. गढूळ पाण्यात तळ चाचपायला तेच त्याच्या उपयोगी पडतात. तोंड नाकाडाच्या खालच्या अंगाला. अशा माशापुढं टाकायचं आमिष त्याच्या त्या दिवसाच्या जेवणासारखं हवं.

ते जेवण काय आहे, हे मला रापणीनं दाखवलं. होडीतून जाळं अर्धगोल टाकून त्याच्या दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढत आणतात. दोर ओढायला मीही लागलो. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात बोटभर पेडवे होते, बोयची पिल्लं होती आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. त्या पेडव्यांच्या लांबीचं आमिष मी डब्यातून वेगळं काढून ठेवलं. रंग नंतर बघता येतो, आधी लांबी आणि अंगलट जुळायला हवी.

आपल्याकडं महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी गुरूंच्या आठवणी गोळा करताना एकेका माणसाला गाठून विचारलं. तसंच इथं करावं लागतं. रापणवाला एक सांगतो, पाग म्हणजे फेकजाळं टाकणारा दुसरं, होडीवाला तिसरं, आणि तिघांचं जिथं जुळतं ते वहीत उतरवतो.

तुमचा,
पुतण्या


देवबाग,
कार्तिक वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम आणि पलीकडच्या काठाला भोगवे. इथं पाण्याची वेळ कळल्याशिवाय गळ काढण्यात अर्थ नाही. शाळेतला हिशेब तुम्हाला आठवत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमारास. मुंबईपेक्षा इथं ती थोडी आधी लागते, तेवढं धरून चालायचं. पौर्णिमेला भर भरती अकराच्या आसपास आणि सकाळ-संध्याकाळी ओहोटी, त्यामुळं त्या पहाटे सगळी वाळू उघडी पडली होती. काठाला समांतर जाणारे खळगे, त्यांच्या पुढचे वाळूचे उंचवटे आणि त्यांतून पाणी बाहेर जायच्या वाटा मी तेव्हाच बघून ठेवल्या. भरतीच्या पाण्यात रावस त्याच खळग्यांतून फिरतो. उंचवट्यावर लाट पांढरी फुटते आणि खळग्यावर पाणी काळसर, सपाट दिसतं. आमिष पांढऱ्याच्या पलीकडं टाकून काळ्यातून ओढत आणायचं.

आता आमिषांचं. माझ्या मते तीन पुरेत.

पहिलं म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळावर चढवलेलं मऊ रबरी आमिष, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. हळू ओढलं तरी शेपूट थरथरतं आणि ती थरथर गढूळ पाण्यातही पोचते. शिसं दहा ते वीस ग्रॅमचं. लाट जितकी जड तितकं शिसं जड, पण तळात रुतून बसेल इतकं नको. तळाला टेकू द्यायचं, मग रॉडचं टोक जरा उचलून दोन वेढे गुंडाळायचे आणि पुन्हा टेकू द्यायचं. तळातून उसळणारी कोळंबी अशीच पळते. रावसासाठी एकच आमिष न्यायचं झालं तर मी हेच नेईन.

दुसरं धातूचं, वीस ते चाळीस ग्रॅमचं, लांबट आणि चकचकीत. ते लागतं समोरून वारा असेल तेव्हा किंवा मासा लांबच्या लाटेपाशी असेल तेव्हा. रबरी आमिष वाऱ्यात मागं येतं, धातूचं वारा कापत जातं. हातचं राखायचं ते वजनाच्या बाबतीत. रॉडवर जेवढ्या ग्रॅमची मर्यादा लिहिलेली असते तिच्यापलीकडं जायचं नाही.

तिसरं कडक प्लास्टिकचं माशाच्या आकाराचं, तोंडाशी छोटी जीभ असलेलं. ओढलं की ते हातभर खोल जातं आणि डुलत येतं. वारा पडलेल्या पहाटे, पाणी निवळ असताना आणि पेडवे वरच्या थरात असताना ते काढायचं. उंच लाटेत ते कलंडतं, तिथं त्याचा उपयोग नाही.

रंगाबद्दल इथल्या बहुतेकांचं मत जुळतं. निवळ पाण्यात पांढरा आणि चांदी, नदीचं गढूळ पाणी मिसळलं असेल तर पिवळसर हिरवा किंवा सोनेरी. संध्याकाळी ओहोटीचं पाणी कर्लीतून कोळंबी बाहेर आणतं आणि रावस मुखाशी तिची वाट अडवतो. म्हणून इथं मी रबरी आमिष सोनेरी घेतलं, आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून वाहत्या पाण्याबरोबर खाली येऊ दिलं. पहिला रावस त्यालाच लागला. दोरीला आलेली ती ओढ मरळीच्या हिसक्याहून वेगळी होती. तो एकसारखा, लांबवर धावला.

दोरीचं एक सांगून ठेवतो. रावसाचे दात बारीक असतात आणि जबड्याच्या बाहेरच्या अंगालाही येतात, त्यामुळं ओठ खरखरीत असतो. प्रत्येक माशानंतर आमिषाजवळची हातभर दोरी बोटांनी चाचपायची आणि खरबरीत लागली की तोडून नवी बांधायची.

तुमचा,
पुतण्या


देवबाग,
कार्तिक वद्य अष्टमी

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज अष्टमी, भरती पहाटे. पाणी भांगाचं, म्हणून जोर कमी, पण उजाडताना खळगे भरलेले असतात आणि ती वेळ रावसाची. आमिष निवडण्याचा अर्धा भाग अजून सांगायचा राहिलाय असं वाटतं. तो भाग गळाचा.

दुकानातल्या धातूच्या आणि कडक आमिषांना तीन टोकांचे गळ लावलेले येतात. मी ते पकडीनं काढून एकेक टोकाचा गळ बसवला आणि त्याचा उलटा काटाही दाबून सपाट केला. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही आणि सोडायचा झाला तर क्षणात सुटतो. तीन टोकं गालात, डोळ्यात, कल्ल्यात कुठंही रुततात. असा मासा पाण्यात परत सोडला तरी त्याचा भरवसा नसतो. रावस वाळूवर ओढायचा नाही, पाण्यातच ओल्या हातानं धरून गळ काढायचा.

सोडायचा कोणता, हा खरा प्रश्न. तुमचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. पिल्लांच्या थव्याभोवती फिरणारी मरळ धरायची नाही आणि लहान मासा परत टाकायचा. रावसाच्या बाबतीत त्या नियमाला जोड द्यावी लागते. रावस जन्मतः बहुधा नर असतो आणि वाढत वाढत पुढं मादी होतो. म्हणजे किनाऱ्यावर ज्याच्यासोबत सगळे उभं राहून फोटो काढतात तो भला मोठा रावस अंड्यांवर आलेली मादी असण्याचा संभव मोठा. लहान सगळे सोडले आणि मोठे सगळे नेले, तर पुढच्या पिढीची आईच गेली. म्हणून लहान सोडायचा, फार मोठाही सोडायचा आणि मधला, घरच्या ताटापुरता, न्यायचा. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, ते चांगलंच झालं. पण वरच्या टोकाची मर्यादा गरवणाऱ्यानं स्वतःवर घालून घ्यायची आहे.

इथंच आमिषाची निवड पुन्हा कामाला येते. फार बारीक आमिष लावलं की बोटभर पिल्लंही लागत राहतात. पेडव्याएवढं लावलं की ती बरीचशी वगळली जातात. रापणीच्या जाळ्याला अशी निवड फारशी जमत नाही, गळाला जमते. गळाचं मोठेपण मला त्यातच वाटतं.

आजीनं अहिंसा पाळणाऱ्या महानुभावांचा उपदेश घेतलाय. मासेमारीला जातो म्हटल्यावर ती गप्प झाली होती, हे मी विसरलेलो नाही. गळ लागला की माशाला वेदना होते, आणि आमिष खोटं असलं म्हणून ती कमी होत नाही. आजीपुढं मी याहून वेगळं बोलणार नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच, की जो जीव धरतो तो कोण आहे हे धरण्याआधी आणि धरल्यावरही जाणून घ्यायचं आणि गरजेपलीकडं हात मागं घ्यायचा. महानुभावांच्या रिद्धपूरच्या मातीत वाढलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

येताना तुमच्यासाठी रबरी बेडूक आणतोय, गळ वरच्या बाजूला दडवलेला, शेवाळात न अडकणारा. पावसाळ्यात मरळ पिल्लं सांभाळत असते, तेव्हा तो डब्यातच राहू दे. हिवाळ्यात सिंभोऱ्याला दोघं जाऊ. आधी काठावरचं पाणी पाहू, मरळ काय खातेय ते बघू आणि मगच डबा उघडू.

काकूंना आणि आजीला नमस्कार.

तुमचा,
पुतण्या